सही लागत नाही

वकिलीणबाई डिसेंबरातही कूलर लावायच्या. नागपूरची थंडी काही लेचीपेची नसते. सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही, लोक दुपारीही मफलर काढत नाहीत. पण प्रतापनगरातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत एखादी पक्षकार बाई येऊन बसली, की त्या आधी उठून कूलरचं बटण दाबायच्या. पाणी नसायचंच त्यात, नुसता पंखा. तो जुना लोखंडी कूलर असा घरघरायचा की खोलीतलं बोलणं दाराबाहेर जायचं नाही. दाराबाहेर पोर्चमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, बाईला घेऊन आलेलं सगळं गणगोत बसलेलं असायचं. नवरा, भाऊ, सासू, कधीकधी तिची स्वतःची आई. ते आधी आत घुसू पाहायचे. वकिलीणबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "तुम्ही बाहेर बसा बापा. जिचं पोट, तिचं तोंड. तिलेच बोलू द्या."

मी वर्ध्याहून वकिली शिकून आले आणि त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले, तेव्हा हा प्रकार मला नाटकी वाटला होता. पहिल्या आठवड्यातच कळलं की त्यात नाटक नव्हतं. आत आलेली बाई बराच वेळ गप्प बसायची. मग सवयीने दाराकडे पाहायची, बाहेरून कोणी उत्तर देतंय का म्हणून. कोणी देत नाही हे लक्षात आलं की तिचा चेहरा आधी घाबरा व्हायचा आणि मग हळूहळू बदलायचा. वकिलीणबाई तोवर समोर फुटाण्यांची वाटी सरकवायच्या. स्वतः दोन दाणे तोंडात टाकायच्या आणि वाट पाहायच्या. त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशातही फुटाणेच असत. कोर्टात दुपारचं जेवण म्हणजे तेच.

त्यांचं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारत नसे. कामठी-कन्हानकडच्या बायका "वकिलीणबाई" म्हणत, मग मीही म्हणू लागले. बुटक्या होत्या, अंगाने भरलेल्या. तोंडाला दुपट्टा गुंडाळून, हातमोजे घालून त्या स्कूटीवर निघाल्या की साठीच्या बाई आहेत हे कोणाला कळत नसे. कौटुंबिक भांडणं, पोटगी, लेकरांचा ताबा हे त्यांचं काम. आणि त्याला लागूनच जे येतं ते. नको असलेलं पोट, किंवा हवं असूनही घरच्यांना नको असलेलं पोट. या दुसऱ्या कामाची फी त्या घेत नसत.

कोणी पाया पडायला वाकलं की मात्र त्यांचा पारा चढायचा. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली, ऐन तारुण्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मिलमध्ये कामाला होते. मुलांना त्यांनी एकच गोष्ट दरडावून शिकवली होती, की हात जोडायचे, वाकायचं नाही. "उठ वं, उठ," वकिलीणबाई त्या बाईला दंडाला धरून उभं करायच्या. "वाकायची सवय लागली म्हणून तर इथे आली ना तू?"

कन्हानची पूजा आली ती अशीच, आई आणि मावशीच्या मध्ये बसून. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी. गल्लीतल्याच मुलाशी जमलं होतं, दिवस गेले आणि मुलाने हात वर केले. आईचं म्हणणं सरळ होतं. "मोकळी करून द्या मॅडम. दवाखान्यात लोक काहीबाही विचारतात, तुम्ही फक्त कागदाचं पाहा." वकिलीणबाईंनी दोघींना पोर्चमध्ये पाठवलं, कूलर लावला आणि पूजाला विचारलं, "तुले काय पाहिजे?"

पूजा बोटाने टेबलाची कड घासत राहिली. मग म्हणाली, "मले लेकरू पाहिजे."

मी बाजूला बसून टिपणं घेत होते, माझा पेन थांबला. ती गेल्यावर मी बाईंशी भांडले. ही पोरगी काय खाईल, लेकराला काय घालील, शिक्षण अर्धवट, आई घरात घेणार नाही. तिला समजवायला नको का? बाई म्हणाल्या, "समजवायले बाहेर दोघी बसल्या होत्या ना. आपण कायद्यात काय आहे ते सांगितलं. पाडता येते, कशी येते, कुठवर येते, सारं सांगितलं. ठेवलं तर पोराकडून पोटगी मागता येते, तेही सांगितलं. आता तिसरं काय सांगू, माझं मत?" त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीलाही हे पटलं नाही. ती बायकांच्या संघटनेत काम करायची. घरी येऊन ती तावातावाने म्हणाली, "तू त्या पोरीचं आयुष्य बरबाद करून राहिली." बाईंनी तिला चहा दिला. "गर्भपाताचा हक्क म्हणजे गर्भपात करायची सक्ती नाही ना वं?" एवढंच म्हणाल्या. मैत्रीण पुढे बरेच महिने बोलत नव्हती.

पूजाला मुलगा झाला. आम्ही पोटगीचा दावा लावला. त्या तरुणाने, लेकरू माझं नाहीच, असं उत्तर दिलं. तपासणी झाली, त्याचंच निघालं. कोर्टाने रक्कम ठरवून दिली आणि तो ती रडतकढत देऊ लागला, कधी द्यायचा, कधी बुडवायचा. आम्ही जिंकलो, असं मला वाटलं.

दोनेक वर्षांनी पूजा एका संध्याकाळी पोर्चमध्ये येऊन उभी राहिली. या वेळी एकटीच. कुठल्याशा दुकानात दिवसभर उभं राहायचं काम करत होती. आईने घरात घेतलं होतं, पण बोलत नव्हती. मुलगा सारखा आजारी. ती बसली नाही, पाणी प्यायली नाही. "तुमी शिकलेल्या होत्या," ती ओरडली. "मी लहान होती. मले काय समजत होतं? काहून नाई थांबवलं तुमी मले? एक थापड मारून दवाखान्यात काहून नाई पाठवलं?" मी पुढे झाले, पण बाईंनी मला हाताने मागे सारलं. पूजा सगळं बोलून झाली, रडली आणि निघून गेली.

मला वाटलं होतं बाई काही शहाणं बोलतील. त्यांनी फाटक लावून घेतलं. मग आत गेल्या, गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं होते, तेवढी एकदाच.

लग्न होऊन त्या मोठ्या, एकत्र कुटुंबाच्या खटल्यात गेल्या होत्या. तेव्हा सोनोग्राफी करून मुलगी की मुलगा हे डॉक्टर सर्रास सांगत. पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा नवरा आणि सासू त्यांना घेऊन गेले. तपासणी झाल्यावर डॉक्टरने नवऱ्याकडे पाहून विचारलं, "मग काय ठरलं?" नवऱ्याने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "करून टाका."

"मी तिथंच होते, स्मिता," बाई म्हणाल्या. "टेबलावर मीच होते. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मले ती पोरगी पाहिजे होती."

"आणि मग?"

"मग पुढच्या वेळी त्यांनी विचारलं. सासूनं सगळ्यांच्या समोर विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? अन् मी हो म्हटलं. थकली होती मी. ते हो माझं होतं का नव्हतं, ते मले आजही सांगता येत नाही." त्यांनी चहा गाळला. "तिसऱ्यांदा दिवस राहिलेच नाही. मग त्यांनी दुसरी आणली अन् मी बापाकडे आले. बापानं एक शब्द विचारला नाही. म्हणे, शिक."

त्यानंतर त्यांनी पूजाचं नाव काढलं नाही. पण तिच्या मुलाची रक्कम थकली की त्या न सांगता वसुलीचा अर्ज लावत राहिल्या.

एकदा शहरातल्या एका कॉलेजने त्यांना चर्चेला बोलावलं. गर्भपात हा हक्क की पाप, असा काहीतरी विषय होता. मंचावर एका बाजूला धर्मावर बोलणारे एक गृहस्थ होते आणि दुसऱ्या बाजूला एक तडफदार प्राध्यापिका. दोघांनीही टाळ्या घेतल्या. वकिलीणबाईंचं बोलणं त्यामानाने पडलंच. त्या म्हणाल्या, "तुम्हा दोघांचं ऐकताना मला भीती वाटली, कारण बाई खोलीत यायच्या आधीच तुम्हाला उत्तर माहीत आहे." मग मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. चांगला हुशार, नीट बोलणारा. म्हणाला, "मॅडम, पोट बाईचं, निर्णय बाईचा, मला मान्य आहे. तिने ठेवायचं ठरवलं तर त्यात पुरुषाला विचारत नाहीत. मग पैसे पुरुषानेच का द्यायचे?"

सभागृहात हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत.

"पोटात आहे तोवर तो तिच्या अंगाचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर आलं की ते लेकरू आहे. पैसे तू बाईला नाही देत बेटा, लेकराला देतो. त्या लेकरानं तर कोणताच निर्णय घेतला नव्हता."

"तरी मॅडम, पुरुषावर अन्याय तर होतोच."

"हाव. थोडा होतो," बाई म्हणाल्या. "पण कोणावर तरी होणारच असेल, तर लेकरावर होण्यापेक्षा तुझ्यावर होऊ दे."

त्या मुलाला काही पटल्यासारखं दिसलं नाही. बाहेर पडताना बाई मला म्हणाल्या, "चांगलं विचारलं पोट्ट्यानं." त्यांना असे प्रश्न आवडायचे. टाळ्या नाही आवडायच्या.

रेखा आमच्याकडे आली ती पोटगीसाठी. कामठीला आईच्या घरी राहायची, शाळेचे गणवेश शिवून देणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसायची. मोठी मुलगी श्रुती आणि तिच्यामागचा एक लहान मुलगा. नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. मारझोड करायचा म्हणून ती निघून आली होती. रेखा फार बोलायची नाही. पण बोलायची तेव्हा मधेच हसायची, चुकीच्या जागी. "मंग त्यानं मले जिन्यावरून ढकललं," असं सांगून हसायची. बाईंना ते हसू सहन व्हायचं नाही. त्या मान खाली घालून लिहीत राहायच्या.

केस वर्षभर रेंगाळली. त्या काळात नवरा मुलांना भेटायला म्हणून कामठीला यायचा. सासूला मिठाई आणायचा, जेवायचा. एका सणाला राहिला. रेखाने नाही म्हटलं होतं. शेजारच्या खोलीत मुलं आणि आई झोपलेली होती म्हणून ती ओरडली नाही. हे तिने कूलरच्या घरघरीतसुद्धा इतक्या हळू सांगितलं की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. या वेळी मात्र ती हसली नाही. तिसरा महिना लागत होता.

"तुले काय पाहिजे?" बाईंनी विचारलं.

"मले नाई पाहिजे. मले हे दोनच जगवायचे आहेत."

ती आधीच कामठीतल्या एका खासगी दवाखान्यात जाऊन आली होती. तिथे सांगितलं होतं, नवऱ्याची सही आणा. तिने भीत भीत नवऱ्याला फोन केला होता. तो म्हणाला होता, "केस मांगे घे. दुसऱ्या दिवशी येऊन सही देतो. नाई तं मी कोर्टात सांगतो, हे पोर माझं नाई, हिचे धंदे पाहा म्हणून."

वकिलीणबाईंनी टेबलावर हात आपटला. "सही लागतच नाही! बाई वयात आली असेल तर फक्त तिचीच सही लागते. नवऱ्याची नाही, बापाची नाही, कोणाची नाही. घाबरू नको तू. एक कागद मागे घ्यायचा नाही."

त्याच दिवशी आम्ही दोघी त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या. त्यांनी आम्हाला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, कायदा मलाही माहीत आहे. पण मागच्या वर्षी एक नवरा दहा माणसं घेऊन आला होता, बाहेरच्या सगळ्या काचा फोडल्या, माझ्या नर्सला मारलं. तेव्हापासून मी सही घेते. चुकीचं आहे, मान्य. तुम्ही तक्रार करा माझी." वकिलीणबाई उठल्या. बाहेर येऊन स्कूटी चालू करताना म्हणाल्या, "हिच्यावर तरी काय रागवू?"

मग त्यांनी सरकारी दवाखान्यात बोलून ठेवलं. सोमवारी सकाळी रेखाने यायचं, सही मागणार नाहीत, असं पक्कं झालं. रेखाला फोनवर सांगितलं. ती "हाव बाई" म्हणाली. सोमवारी बाईंना कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी होती, म्हणून रेखाने एकटीनेच जायचं ठरलं.

ती गेली नाही. तिच्या आईने नंतर सांगितलं की त्या सरकारी दवाखान्यात नणंदेची जाऊ कामाला आहे, हे रेखाला शनिवारी कोणाकडून तरी कळलं. गोष्ट सासरी जाईल, तो येऊन तमाशा करील, आणि केससुद्धा बिघडेल, असं तिला वाटलं. तिने कोणाकरवी तरी दुकानातून गोळ्या मागवल्या आणि रविवारी घेतल्या. आईला सांगितलं, पाळी आली आहे, जास्त जाऊन राहिलं. सोमवारी कामावरही जाऊन आली. मंगळवारी दुपारी ती मोरीत पडली. शेअर ऑटोत घालून तिला नागपूरला आणेपर्यंत अंगात काही उरलं नव्हतं.

आम्हाला फोन आला तेव्हा बाई कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, फोन बंद केला आणि पुकारा झाला म्हणून आत जाऊन दुसऱ्या एका केसमध्ये व्यवस्थित युक्तिवाद केला. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. बाहेर आल्यावर मात्र त्यांना स्कूटीची किल्ली सापडेना. किल्ली त्यांच्या हातातच होती.

कामठीला गेलो तर दारात नवरा छाती बडवून रडत होता. बाईंना पाहताच तो ओरडला, "हिनं मारली माझी बायको! ह्या वकिलीणीनं भरवलं तिले!" दोघातिघांनी आम्हाला धक्के मारत गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं. रेखाची आई उंबऱ्यात बसून नुसती पाहत होती. दुसऱ्या दिवशी प्रतापनगरातल्या घराच्या पाटीवर कोणी तरी काळं फासलं. बाईंनी पाटी काढून ठेवली, परत लावली नाही.

बार रूममध्ये कुजबुज चालली. एक ज्येष्ठ वकील, तसे सज्जन, चहाचा कप पुढे करत म्हणाले, "मॅडम, केस काय, पुन्हा टाकता आली असती. सही घेऊन टाकायला हवी होती तेव्हा." बाईंनी कप घेतला, तसाच टेबलावर ठेवला.

हे वाक्य त्यांनी कुठे ठेवलं होतं ते मला पावसाळ्यात कळलं. आम्ही फायली वाळवत होतो, खोलीत ओल आली होती. त्या एकदम म्हणाल्या, "सही घेतली असती तर वाचली असती वं ती."

मी म्हटलं, "असं कसं म्हणता? त्याच्यापुढे मान तुकवायची? कायद्यानं तुम्ही..."

"कायद्यानं मी बरोबर होते." त्या खाली बसल्या. "सही लागत नाही, हे मी तिले किती जोरात सांगितलं, ऐकलं ना तू? खुर्चीत बसून सांगितलं. पण त्या दरवाज्यातून आत तिले जायचं होतं, मले नाही. मी बरोबर असल्याचं ओझं तिनं उचललं."

ते सज्जन वकील बरोबर होते, असं मी कधीच म्हणणार नाही. पण रेखा आज मशीनवर बसली असती, हेही खोटं नाही.

त्यानंतर त्या बदलल्या. "घाबरू नको" हे शब्द त्यांच्या तोंडून गेले. त्याऐवजी त्या विचारायच्या, "कशाची कशाची भीती वाटते, सांग." तिथे कोण ओळखीचं आहे, घरी कोणाला काय सांगणार, परत येताना कशाने येणार, असं सगळं. आणि स्वतः सोबत जायच्या. कोर्टाची तारीख असली तर मला उभं करायच्या आणि आपण दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायच्या. त्यांच्या मोठ्या केसेस त्यामुळे हातच्या गेल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "कोर्टात स्मिता आहे. तिथं कोणी नसते."

रेखाच्या मुलांची पोटगी त्यांनी पुढे चालवली. आजी म्हातारी, अंगठा उठवणारी, पण चिवट निघाली. ज्या गल्लीतून आम्हाला हाकललं होतं, तिथून ती स्वतः प्रतापनगरला विचारत-विचारत आली होती. नवऱ्याने आता नवीन पवित्रा घेतला. मुलं माझ्याकडे द्या, मी पोसतो, पैसे कशाला देऊ? न्यायाधीशांनी श्रुतीला आपल्या खोलीत बोलावलं. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असेल. तिला काय सांगायचं हे शिकवावं, असं आजीला वाटत होतं. बाईंनी साफ नकार दिला.

श्रुती काय बोलली ते न्यायाधीशांनी नंतर आदेशात लिहिलं. ती म्हणाली होती, "आम्ही आजीजवळ राहतो. बाबानं पैसे द्यावे. घरी येऊ नये." आदेश मुलांच्या बाजूने झाला. वकिलीणबाई त्या दिवशी कोर्टाच्या आवारात एका झाडाखाली थांबल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना दुपट्ट्याने डोळे पुसताना पाहिलं. "दोन वेळा सांगायचं काम नाही पडलं पोरीले, पहिल्यांदाच ऐकलं तिचं," त्या म्हणाल्या.

गेल्या मे महिन्यात त्या एका बाईसोबत दवाखान्यात गेल्या होत्या. दुपारी भर उन्हात स्कूटीवर परत आल्या. डोकं दुखून राहिलं म्हणाल्या आणि पुढच्या खोलीतच चटईवर आडव्या झाल्या. मी पाणी घेऊन आले तेव्हा तोंड एका बाजूला झुकलं होतं. दोन दिवस श्वास चालला. भाऊ आला, भाच्या आल्या. अंत्यविधीला वकील थोडे आणि बायका पुष्कळ होत्या. बऱ्याच जणी तोंडाला दुपट्टा बांधून उभ्या होत्या, कोणी ओळखू नये म्हणून. पूजा आली होती. तिचा मुलगा आता मोठा झाला होता, तिचा हात धरून उभा होता. ती माझ्याजवळ आली नाही, आणि सगळ्यांत शेवटी गेली.

त्याच आठवड्यात मला एक फोन आला. आवाज ओळखीचा वाटला, पण चटकन लक्षात येईना.

"बाई गेल्या म्हणे," तो म्हणाला. "वाईट झालं. मंग... आता ते केस बंद झाली असन ना?"

तो रेखाचा नवरा होता. आदल्या चार-सहा महिन्यांची पोटगी त्याने दिली नव्हती आणि बाईंनी वसुलीचा अर्ज लावून ठेवला होता. मी त्याला तारीख सांगितली. त्याने फोन ठेवला.

तारखेला तो आला नाही, त्याचा वकील आला. आजीचे गुडघे धरले होते, म्हणून श्रुती एकटीच आली होती, कॉलेजची पिशवी घेऊन. व्हरांड्यातल्या बाकावर बसून ती जिन्याकडे पाहत होती. मला पाहून म्हणाली, "मोठ्या बाई मागून येऊन राहिल्या का?"

तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. शेजारच्या जागेवरची पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली आणि मला बसायला जागा केली. आम्ही बसून राहिलो. समोर एक बाई लहान बाळाला झोपवत येरझारा घालत होती, तिचा नवरा लांब भिंतीला टेकून मोबाइल बघत होता.

दावा पहिल्यांदा लागला तेव्हा अर्जदार रेखा होती, मुलं तिच्यामागे. ती गेल्यावर आतल्या कागदांवर दुरुस्त्या झाल्या, पण प्रकरणाचं नाव सगळ्यांच्या तोंडी तेच राहिलं होतं. पट्टेवाला दारात आला आणि त्याने व्हरांडाभर आवाज दिला, "रेखा आणि इतर!"

कोणी हललं नाही. त्याने पुन्हा पुकारलं, या वेळी जरा वैतागून.

श्रुती उभी राहिली. "आहोत," ती म्हणाली, आणि माझ्या आधी आत गेली.